दुधाची वाट

नागासाकी, १२ ऑक्टोबर १९८८

तोमेताई,

समुद्रवाऱ्यात तुझे गुडघे कसे आहेत? मी बरा आहे. रक्ताचा कर्करोग आहे खरा, पण संथ चालीचा. सध्या नुसती नजर ठेवायची आहे. इस्पितळाच्या जेवणात मासा असतो, पण आपल्या बेटावरची चव नाही.

डॉक्टर इवानागाबाईंनी विचारलं, "आजोबा, आईचं दूध किती वर्षं प्यायलात?"

मी लाजत म्हटलं, "शाळेत जाईपर्यंत. ताई मला दप्तरवालं वासरू म्हणायची."

नर्स हसली, बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, या आजाराचा विषाणू बहुतेकदा आईच्या दुधातून येतो. जितके जास्त दिवस दूध, तितका धोका जास्त. अंगात असूनही शंभरातल्या चार-पाच जणांनाच तो म्हातारपणी गाठतो. आणि आपल्या बेटांवर तो हजारो वर्षांपासून आहे म्हणे.

शाळेत पाठ केलेल्या साऱ्या कवितांहून जुनं काहीतरी, एका आईकडून दुसरीकडे, न चुकता माझ्यापर्यंत आलं. आईला दोष देऊ नकोस. तिने मायाच पाजली.

मी बिनलग्नाचा, माझ्यापाशी ही वाट संपली. तुझ्याकडून मात्र ती लेकीकडे आणि तिच्याकडून गरोदर नात्सुमीकडे गेली असेल. नातीला बाळंतपणाआधी रक्त तपासायला पाठव. विषाणू निघालाच, तर बाळाला बाटलीचं दूध द्या. अंगावर पाजता येत नाही म्हणून नात्सुमी रडेल, तिच्यावर रागावू नकोस.

आणि एक बाटली माझ्यासाठी राखून ठेवा. आपल्या घरात बाळाला दूध पाजणारा पहिला पुरुष मी होईन.

तुझं वासरू,
सेइजी