बुधवारची अडीचकी

गुरुजी, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली ते मला नक्की सांगता येणार नाही. बातमी कळली तेव्हा मी ट्रक घेऊन इंदूरकडे होतो. वळलो असतो तर येता आलं असतं, पण आलो नाही. नरडाण्याजवळच्या आपल्या गावात आता तुम्हाला ओळखणारं कुणी उरलं असेल असं वाटत नाही. मी जळगावात, पिंप्राळ्याला मुलाकडे राहतो. हल्ली तुमचा आवाज फार ऐकू येतो. जेवताना, दाढी करताना, कधीही. गेल्या महिन्यात तो माझ्याच तोंडातून आला, म्हणून लिहायला बसलो.

माझी नात नऊ वर्षांची आहे. शाळेत ती वर्षभर तोंड मिटून बसायची, म्हणून सुनेने तिला काढलं आणि घरीच शिकवायचं ठरवलं. कॉलनीतली पाच घरं एकत्र आली आहेत. दूध सोसायटीसारखंच, सगळ्यांचं मिळून. रोज एका घरी मुलं जमतात आणि त्या घरातल्या मोठ्यांनी आपल्याला जे येतं ते शिकवायचं. कुणी इंग्रजी घेतं, कुणी शिवण, कोपऱ्यावरचे सायकलवाले चाचा चाक उघडून दाखवतात. मी पहिल्यापासून विरोधात होतो. सुनेला म्हणालो, "पोरगी माझ्यासारखी अर्धवट शिकलेली राहील." ती म्हणाली, "आबा, शाळेत तरी काय शिकत होती?" तरी माझी काळजी गेली नाही. खरं सांगायचं तर पोरगी तिथे बोलायला लागली. इतकी की जेवताना तिला गप्प करावं लागायचं.

बुधवार आमच्या घरचा. सून म्हणाली, "आबा, तुम्ही रस्ते शिकवा. कुठून कुठे माल नेला, वाटेत कोणत्या नद्या लागल्या." शेजारची बाई हसली, "आणि आबा, छडी आणू नका हं!" मला ते लागलं. रस्ते काय शिकवायचे? शिक्षण म्हणजे पाढे. मी म्हणालो, अडीचकी घेतो. अडीचपटीचा पाढा, तुम्ही घ्यायचात तसा, पोरांना ओळीत उभं करून.

नातीला तेराची अडीचकी किती ते विचारलं. ती बोटांवर काहीतरी करत थांबली आणि म्हणाली, "साडेबत्तीस." आणि मी ओरडलो, "तुना डोकामा सरकी भरेल शे का?" तुमचेच शब्द, तुमच्याच चढत्या सुरात. या घरात आता कुणी अहिराणी बोलत नाही, तरी पोरांना कळायचं ते कळलं. ती भिंतीकडे बघत उभी.

मला तिच्या जागी मी दिसतो, गुरुजी. चौथीचा वर्ग, सारवलेली जमीन, तेराच्या अडीचकीवर अडकलेला मी आणि समोर तुम्ही. त्या दिवसानंतर मी शाळेत आलो नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या अंगणात येऊन उभे राहिलात. मी कापसाच्या ढिगामागे बसलेलो. बाप म्हणाला, "तो घर नही शे गुरुजी, मामाना गावले गया." तरी तुम्ही बराच वेळ उभेच. मला तुमचे पाय तेवढे दिसत होते. काय सांगायला आला होतात? पुन्हा रागावायला, की दुसरं काही? ट्रक चालवताना कितीदा तरी मी हे तुम्हाला विचारलं आहे.

त्या बुधवारी मुलं गेल्यावर मी वर्तमानपत्राच्या कडेला अडीच हा आकडा तेरा वेळा एकाखाली एक लिहिला आणि बेरीज केली. साडेबत्तीस. पुन्हा केली. तेच. पोरीचं बरोबर होतं. बाराच्या पुढे मला अडीचकी कधी आलीच नव्हती. तिचं बरोबर की चूक ते मला कळेना, आणि सगळी पोरं माझ्याकडे बघत होती, म्हणून ओरडलो.

तेव्हापासून ती कुठल्याच घरी तोंड उघडत नाही. सुनेने विचारलं, "आबा, त्या दिवशी झालं काय?" मी म्हणालो, "पाढा चुकली, जरासा रागावलो." परवा पाचही घरची माणसं आमच्याकडे बसली. सून थकलेली दिसत होती. म्हणाली, "इथेही गप्पच बसणार असेल, तर जूनमध्ये परत शाळेत घालते." चाचा म्हणाले, "बेटीला थोडे दिवस द्या." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बघा तुम्हाला पटेल तसं." मला हवं होतं ते आपसूक होत होतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. इतके दिवस मी स्वतःला समजावतोय की तिच्या भल्यासाठी गप्प आहे. शाळेत जाईल, पूर्ण शिकेल, माझ्यासारखी राहणार नाही. ते खोटं आहे, गुरुजी. आत्ता ती पुढच्या खोलीत चित्र रंगवत बसली आहे, दार उघडंच आहे. मी दोनदा उठलो आणि परत बसलो. तुझं बरोबर होतं, मलाच येत नव्हतं, एवढं नऊ वर्षांच्या पोरीला सांगायची मला लाज वाटते.