बादलीच्या काठावर

प्रिय गोगी,

आधी नाक फुगवणं थांबव. आठवडाभर तू फोन करते आहेस आणि मी उचलत नाही, हे माझ्या विसराळूपणामुळे झालेलं नाही. काल तर ताईनेही निरोप पाठवला, मावशी-भाचीचं काही बिनसलंय का म्हणून. बिनसलेलं काही नाही. कारण आहे, पण ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू उरलेलं पत्र धड वाचणार नाहीस, आणि उरलेलंच जास्त महत्त्वाचं आहे.

इथे सगळं ठीक. आमच्या कॉलेजच्या सागरी केंद्रातला समुद्राचं पाणी ओढणारा पंप पुन्हा रुसलाय, त्यामुळे आम्ही सगळे किनाऱ्यावरून बादल्या भरभरून आणतो आहोत. माझी पाठ मोडून आली आहे आणि ज्या कालवांसाठी हा खटाटोप चाललाय, ती बेटी तोंड उघडून आभारसुद्धा मानत नाहीत. बादली उचलली की मला तू आठवतेस. का, ते तुला माहीत आहे. त्याच्यावर येतेच.

तुझी कॉलेजांची यादी पाहिली. पाच नावं, आणि पाचही ठिकाणी माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर निळाशार समुद्र. अगं, जाहिरातीतला समुद्र सगळीकडे निळाच असतो. आमच्या कॉलेजचा तो फोटो काढला त्या दिवशी मी तिथेच होते. गाळामुळे पाणी अगदी चहाच्या रंगाचं झालं होतं. तू फोटो बघू नकोस, वेळापत्रक बघ. पहिल्या दोन वर्षांत काय शिकवतात, रसायनशास्त्राला किती तास देतात, संख्याशास्त्र कोण शिकवतं. समुद्र शिकायचा तर आधी मीठ कळायला हवं, आणि मीठ रसायनाच्या तासालाच कळतं. प्रत्येक कॉलेजला एक प्रश्न मात्र न लाजता विचार, पहिल्या वर्षी मुलांचे हात ओले होतात का? म्हणजे पाण्यात, चिखलात, प्रयोगशाळेत त्यांना काही करू देतात, की तिसऱ्या वर्षापर्यंत नुसतं फळ्यावरचं उतरवून घ्यायचं? उत्तर देताना जे कॉलेज खाकरेल, त्याच्या नावावर काट मार.

आणि ते नदीकाठचं कॉलेज, ज्याचं नाव मी सुचवल्यावर तू नाक मुरडलंस, ते यादीत घाल. तिथल्या बाई नदीतल्या शिंपल्यांवर काम करतात आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना गुडघाभर पाण्यात उभं करतात. गोड्या पाण्यात शिकलेलं खाऱ्या पाण्यात वाया जात नाही. मी स्वतः ज्या कॉलेजात शिकले तिथून समुद्र एका दिवसाच्या प्रवासावर होता, आणि आज माझ्या चपलेत कायम वाळू असते. यादीत एखाद-दोन नावं अशी ठेव की जमलं तर नशीब, दोन-तीन अशी की जमायला हरकत नाही, आणि एक असं की जिथे तुला नक्की घेतील. पण त्या शेवटच्या ठिकाणीही हसत जाता आलं पाहिजे. जिथे गेल्यावर तोंड पाडून बसशील, असं एकही नाव यादीत नको.

गेल्या वर्षी तू एकच अर्ज केलास, त्या काचेच्या इमारतीच्या कॉलेजात. एकच पण नेक, असं तुझं म्हणणं. नकार आला तेव्हा भाऊजींनी तुला चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसवलं. त्यांचंही चुकीचं नव्हतं, मुलगी घरात रडत बसण्यापेक्षा बरं. समुद्राने कुणाचं पोट भरलंय, असं ते म्हणाले आणि ताई आतून म्हणाली, मासे खाणाऱ्यांचं. मी इथे फोनवर हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते. पण त्यांनी तुला आणखी एकच वर्ष दिलंय आणि यंदा जमलं नाही तर दृष्टितपासणीच्या अभ्यासक्रमाला नाव घालायचं कबूल करून घेतलंय, हे मी विसरलेले नाही. तूही विसरली नसशील. म्हणून तर तुझा आवाज हल्ली फोनवर इतका बारीक येतो. गोगी, घाबरून केलेला अर्ज वाचणाऱ्याला लगेच कळतो. त्यात प्रत्येक वाक्य पाया पडत असतं.

गणिताचे मार्क एका परीक्षेत घसरले, त्यावर तू निबंधात अख्खा परिच्छेद खर्च केला आहेस. दोन ओळी पुरे. आजी आजारी होती, मी तिच्याजवळ असायचे, पुढच्या परीक्षेत मार्क सुधारले. संपलं. शिफारसपत्र मुख्याध्यापकांचं नको, त्यांना तुझं नावही धड सांगता येत नाही. तुमच्या रसायनाच्या सरांना विचार, ज्यांनी काचनळी फोडल्याबद्दल तुला वर्गाबाहेर काढलं होतं आणि तरी तू मधल्या सुट्टीत प्रयोग पुरा करायला परत गेलीस. ज्याने आपल्याला रागावलेलं आहे तो माणूस आपल्याबद्दल खरं लिहितो. शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची तारीख आधीची असते, हे भाऊजींनाही सांगून ठेव. ते तारखांच्या बाबतीत तुझ्यापेक्षा खूप पक्के आहेत.

आता निबंध. पहिल्याच ओळीत डॉल्फिन उडी मारतो. खरं सांग, डॉल्फिन तू पाहिलायस कधी? आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत इतके डॉल्फिन उड्या मारतात की कपाटं ओली व्हायची तेवढी बाकी आहेत. लहानपणापासून समुद्राची ओढ, अथांग निळाई, लाटांची हाक. वाचून मला वाटलं, ही मुलगी कोण? मी जिला ओळखते ती तर जेवायला तासभर लावणारी गोगलगाय आहे. ताई तुला टोमणा मारायची, गोगलगाय नि पोटात पाय, आणि एक दिवस तू शाळेतून येऊन तिला ठणकावून सांगितलंस की गोगलगायीचा पाय खरोखरच पोटाखाली असतो, शास्त्रात त्या सगळ्यांना उदरपादच म्हणतात, मग यात टोमणा कसला? ताईची बोलती बंद झालेली मी आयुष्यात तेवढी एकदाच पाहिली.

तुझ्या निबंधात ती बादली कुठे आहे? सुट्टीत माझ्याकडे आली होतीस, तेव्हा खडकावरच्या चिमुकल्या गोगलगायी रंगाच्या रिकाम्या बादलीत घालून, मांडीवर धरून बसने घरी नेल्यास. वाटेत तुला दोनदा उलटी झाली, पण बादली कलंडू दिली नाहीस. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, पाणी खारट राहायला हवं. आणि मग आपल्या घरात जे झालं ते आपल्याच घरात होऊ शकतं. आजी सकाळी उठली की गुपचूप चिमूटभर मीठ टाकायची. भाऊजी दुकानात जाताना टाकायचे. ताई स्वयंपाक करता करता टाकायची. प्रत्येकाला वाटायचं, बाकीचे विसरले असतील, पोरीचा जीव आहे त्यात. त्यातून पाणी उन्हाने आटत होतं, आणि पाणी उडून जातं, मीठ नाही. बघता बघता गोगलगायी भिंतीवरून चढून बादलीच्या काठावर येऊन बसल्या, आपापल्या शंखाची दारं लावून. ताई म्हणाली, पळून चालल्यात, झाकण घाला.

तू झाकण घातलं नाहीस. तू बोट बुडवून पाणी चाखलंस आणि थू करून थुंकलीस. मग सगळ्यांना ओळीने उभं करून विचारलंस, मीठ कुणी टाकलं? तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यानंतर तू थोडं थोडं साधं पाणी घालत गेलीस, रोज चव घेत, आणि शेवटी एक गोगलगाय काठावरून खाली उतरली. त्या संध्याकाळी तू मला फोन केलास. म्हणालीस, मावशी, त्या पळत नव्हत्या, पाणी बरं व्हायची वाट बघत होत्या. मी इथे मोठमोठ्या लोकांची व्याख्यानं ऐकते, पण त्या वाक्याने माझ्या अंगावर आला तसा काटा क्वचितच येतो. नऊ वर्षांची होतीस तू. पुढच्या सुट्टीत त्याच खडकावर त्यांना सोडायला आलीस तेव्हा रडलीही नाहीस, नुसती बघत बसलीस, त्या कुठल्या बाजूने चढतात ते.

ते लिही. आजीच्या मिठासकट लिही. आणि मुलाखतीत कुणी विचारलं, की बोट लागते का, तर लागते म्हणून सांग. मलाही लागते. बोटीवर मी पहिला अर्धा तास कठड्याला लटकलेली असते आणि नावाडी मला अजून हसतो. तरी माझी नोकरी शाबूत आहे. या कामात बोटीवरचे दिवस थोडे, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजदाद करायचे दिवस फार. आणि बारीक वस्तूकडे न कंटाळता बघत राहायचं कसं, ते तू भाऊजींच्या दुकानात वर्षभर शिकलीच आहेस. हे त्यांना वाचून दाखव. खूश होतील, पण दाखवणार नाहीत.

आता माझ्या गप्प राहण्याचं कारण. तुझा निबंध आला, त्यानंतर दोनच दिवसांनी आमच्या प्रमुखबाईंनी बोलावून घेतलं. यंदाच्या प्रवेशाचे अर्ज वाचणाऱ्या समितीत त्यांनी मला घेतलंय, आणि तुझ्या यादीत आमचं कॉलेज पहिलं आहे. मी तिथल्या तिथे सांगितलं, भाची अर्ज करणार आहे आणि तिचा कच्चा निबंध मी वाचलेला आहे. त्या म्हणाल्या, तिचा अर्ज निघाला की तुम्ही खोलीबाहेर जायचं, आणि काम सुरू झाल्यापासून निकालापर्यंत तिच्याशी त्याविषयी अवाक्षर काढायचं नाही. त्याआधी एक पत्र लिहायला परवानगी आहे का, विचारलं. वाचायला देणार असाल तर आहे, म्हणाल्या. म्हणून हे पत्र आधी त्यांच्या टेबलावर जाईल, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल एकही वाकडा शब्द यात तुला सापडणार नाही. समितीला मी नकार देऊ शकले असते, गोगी. आठवडाभर तोच विचार करत होते, आणि तुझा आवाज ऐकला असता तर नाहीच म्हणाले असते. पण अर्जांच्या त्या कपाटात तुझ्यासारखी कितीतरी पोरं असतील, समुद्रापासून लांब राहणारी, घाबरून डॉल्फिन लिहिणारी. त्यांच्या घरी कुठली बादली होती, हे विचारणारं कुणीतरी त्या खोलीत हवं. आणि तुला मिळालं तर ते तुझं तू मिळवलेलं असेल, मावशीच्या वशिल्याचं नाही, हे भाऊजींनाही छातीठोकपणे सांगता येईल. मला वाटतं, मिळेल. सोमवारी समितीचं काम सुरू होतंय, तेव्हापासून माझ्याकडून काही ऐकू आलं नाही तर रडत बसू नकोस. मी पळालेले नाही. दार लावून काठावर बसले आहे, इतकंच. पाणी बरं झालं की सर्वांत आधी मीच खाली उतरेन.

बादलीच्या काठावरून, तुझीच,
मावशी