निळ्या पुस्तकातल्या खुणा

सोमवार, ११ मे

पाऊस नाही. ही वही पावसाची नोंद ठेवायला घेतली होती, पण आज दुसरंच डोक्यात आहे.

शनिवारी नेटबॉलच्या सामन्याला पास्को बाईंनी गाठलं. कीलीला इंग्रजी शिकवतात. "क्लाइव्ह, मुलगी काय वाचते ते एकदा वाचून तर बघा." देशातल्या मोठ्या पुरस्काराची अंतिम यादी लागलीय — कुमारांसाठीच्या सहा कादंबऱ्या. शाळेतली सहा मुलं त्या वाचून आपला वेगळा निकाल लावणार. कीली त्यात आहे, माझ्याबरोबर कामाला असलेल्या गॅव्हिनची मुलगी तेगन पण आहे. मी म्हटलं, शेवटचं पुस्तक वाचलं तेव्हा मला दाढी फुटली नव्हती. "मग ही तुमच्याच वयाची आहेत," बाई म्हणाल्या.

आज कीली निळं पुस्तक टेबलावर ठेवून शाळेला गेली. मी ते माझ्या डब्याच्या पिशवीत टाकलं.

मंगळवार, १२ मे

आजही नेलं. जेवणाच्या सुट्टीत ग्रेडरच्या, म्हणजे रस्ता सपाट करायच्या यंत्राच्या, केबिनमध्ये बसून वाचलं. गॅव्हिनने पाण्याचा ट्रक शेजारी लावला. "काय रे, मुलींची पुस्तकं? उद्या केसांना रिबीन बांधून ये." ठेवीन म्हटलं तुझ्यासाठी एक. लग्नाच्या आधीपासून आम्ही दोघं कौन्सिलचे रस्ते करतोय, त्याचं बोलणं मनावर घेत नाही.

गोष्ट उसाच्या मुलखातल्या एका मुलीची आणि तिच्या बापाची. वाचायला बरी आहे. पण एका ठिकाणी पेन्सिलची बारीक रेघ आहे. व्हरांड्यात बापाचे बूट वाजले की मुलीला कळतं, आजची संध्याकाळ कशी जाणार — त्या ओळीशेजारी. हलक्या हाताने मारलेली, कुणाला दिसू नये अशी.

आमच्या व्हरांड्यात बूट वाजवणारा एकच माणूस आहे.

बुधवार, १३ मे

मी ओरडतो. ओरडतो हे खरं. हात कधी उचलला नाही! कधीच नाही.

तिची आई पर्थला निघून गेली त्या वर्षी भिंतीवर बशी फोडली होती. कीली दारात उभी होती. मला वाटलं होतं, विसरली.

गुरुवार, १४ मे

पाऊस नाही. बूट फाटकापाशीच काढले आणि मोज्यांवर आत आलो.

गुरुवार म्हणून तेगन जेवायला होती. लँब चॉप्स आणि बटाटे केले. बोललो ते हळू आवाजात. कीली बघतच राहिली. "बाबा, तुला बरं नाहीये का?"

"क्लाइव्हकाका चर्चमध्ये बसल्यासारखे बोलतायत," तेगन म्हणाली आणि तिसऱ्यांदा बटाटे घेतले. ही पोरगी इतकं खाते आणि जातं कुठे कोण जाणे. बाहेर गॅव्हिनने हॉर्न दिला तशी भरलं ताट टाकून उठली. मी मनात म्हटलं, बघा, कसं वळण लावलंय. माझी पोरगी मात्र माझ्या आवाजाला घाबरते.

सोमवार, १८ मे

दुसरी रेघ सापडली. ही दुहेरी आहे. गोष्टीतली मुलगी शेडमध्ये पिशवी भरून ठेवते, कुणाला सांगत नाही, दिवसाची वाट बघते.

घरी येऊन सगळी शेड उलटीपालटी केली. जुना तंबू, रंगाचे डबे, उंदीर. मग तिच्या खोलीत गेलो. स्वतःच्या मुलीच्या पलंगाखाली चोरासारखा वाकलो. काही नाही.

तीही गेली तर या घरात मी करू काय?

मंगळवार, १९ मे

पाऊस तीन मिलीमीटर. कीली उशिरा आली. बस चुकली म्हणे.

बुधवार, २० मे

आज राहवलं नाही. ती भांडी पुसत होती. विचारलं, "तुला माझी भीती वाटते का?"

"तुझी? बाबा, कोंबडी कापायची वेळ आली की तू शेजाऱ्यांना बोलावतोस."

"मग पुस्तकातल्या त्या रेघा?"

आधी भडकली. माझं पुस्तक चोरून वाचतोस? मग म्हणाली, "त्या माझ्या नाहीत. शाळेची एकच प्रत आहे, सहाजणांत फिरते."

"मग कुणाच्या?"

"मी शब्द दिलाय. पास्को बाईंशी बोलायला तिला तयार करतेय. काल त्यातच बस चुकली. तू मध्ये पडू नकोस."

बरं म्हटलं. पुढचं ऐकलं कुणी! त्या माझ्या नाहीत, एवढंच कानात शिरलं. तिला जवळ घेतलं तर म्हणाली, सोड, ताट फुटेल.

गुरुवार, २१ मे

ढग आहेत. सकाळी शीळ घालत कामावर गेलो. गॅव्हिनला सगळं सांगितलं — रेघा, बूट, मोज्यांवर चालणं, शेडमधले उंदीर. अजून हसत होतो मी. म्हटलं, आणि शेवटी काय, रेघा दुसऱ्याच कुणा पोरीच्या!

तो हसला नाही. "कुठलं पुस्तक? ते निळं?" हो म्हटलं. त्याने उरलेला चहा मातीवर ओतला. मग म्हणाला, दाढ ठणकतेय. लवकर घरी गेला.

संध्याकाळी ताटं तीन मांडली. तेगन आली नाही. फोन उचलेना. कीली म्हणाली, विचित्र आहे. मी म्हटलं, गॅव्हिनची दाढ दुखतेय, त्यामुळे असेल, दुपारी तर आम्ही तुझ्या त्या पुस्तकावरून —

तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं.

"त्याला सांगितलंस? बाबा, त्याला?"

गाडीची किल्ली घेतली. कीली आधीच बाहेर पळाली होती.

शनिवार, २३ मे

पोलिसांनी गॅव्हिनला नेलं. तेगन दवाखान्यातून आमच्याकडे आलीय, कीलीच्या खोलीत झोपलीय. उजवा हात प्लास्टरमध्ये. गाडीतून उतरताना माझा हात धरून म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात, काका."

कीली माझ्याशी कालपासून एकच वाक्य बोलली — ते तुलाच सांगावं लागेल.

तिच्या बापाला कुणी सांगितलं, हे तेगनला अजून ठाऊक नाही.