घरात सगळे बरे ना?

मंगळवार

चि. सौ. धाकटीस अ. उ. आशीर्वाद.

दुकानात धुवायच्या चादरींचा ढीग पडलाय, मरायला फुरसत नाही, तरी लिहिते. मेहुण्यांच्या दुधाच्या गाडीतून चिमणीसाठी प्राण्यांच्या चित्रांचं पुस्तक पाठवलंय. वाचनालयातलं आहे, माझ्या कार्डावरचं. तेव्हा जपून.

कार्ड देताना तिथल्या चष्मेवालीने मला समोर बसवून सगळे नियम वाचून दाखवले. जशी काही मी पुस्तक खाणारच आहे. पान दुमडायचं नाही, बोट जिभेला लावून उलटायचं नाही, घराबाहेर कोणाला द्यायचं नाही, कार्डावर गेलेल्या पुस्तकाची जबाबदारी माझी. आणि घरात कोणाला लागणीचा आजार असला तर पुस्तक परत आणायचंच नाही, आधी त्यांना कळवायचं. मी विचारलं, पुस्तकाला काय ताप येतो का? बाई हसली नाही. पुस्तक परत घेताना ती प्रत्येकाला विचारतेच, घरात सगळे बरे ना, म्हणून.

घराबाहेर द्यायचं नाही हा नियम मी मोडलाय. सख्ख्या बहिणीचं घर बाहेरचं कसं होईल, तूच सांग. पण वेळेवर परत पाठव, मला तिच्यापुढे मान खाली घालायला लावू नकोस.

मेहुण्यांना नमस्कार. चिमणीला गोड पापा. माया आहे तशीच ठेव.

तुझी ताई

सोमवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

पुस्तक मिळालं. चिमणी ते खाली ठेवायलाच तयार नाही. जेवताना मांडीवर, झोपताना गालाखाली. बदकाचं पान तर इतकं आवडलंय की दिवसभर तेच. बोट जिभेला लावू नको म्हणून कितीदा दटावलं, पण ऐकेल तर ती चिमणी कसली.

दोन दिवस घसा धरलाय तिचा. आवाज अगदी बदकासारखा येतो. आम्ही हसलो की ती आणखी बदक होऊन दाखवते. मान जरा सुजल्यासारखी दिसते, पण थंड पाणी प्यायली असेल. पुस्तक काढून घेतलं तर रडून घर डोक्यावर घेईल, म्हणून अजून थोडे दिवस राहू दे.

तळाशी रेघोट्या आहेत ते तिने तुझ्यासाठी काढलेलं बदक आहे. ओळखून घे. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

गुरुवार

चि. सौ. धाकटीस अ. उ. आशीर्वाद.

बदक ओळखलं. आधी मला बूट वाटला होता, ते तिला सांगू नकोस. दुकानाच्या भिंतीला चिकटवलंय.

आता पुस्तक पाठव. समोरच्या शिंपिणीची धाकटी, आमची बटण, त्यासाठी नाव लावून बसली आहे. येता जाता दुकानात डोकावून विचारते, बदक आलं का. मी किती थापा मारू?

आणि घशाचं काय ते सरळ लिही. मान सुजली आणि तू थंड पाण्यावर ढकलून मोकळी झालीस? डॉक्टरला दाखवलंस की नाही? तुझी ही लहानपणापासूनची खोड आहे, दुखलं की आधी झाकायचं. मला गोड गोड पत्र नको, खरं पत्र हवं.

जास्त काय लिहू. चिमणीला पापा.

तुझी ताई

सोमवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

पुस्तक आज पहाटे ह्यांनी नेलं. मी नको म्हणत होते, पण नाही पाठवलं तर तू इथे येऊन उभी राहशील, म्हणाले. हे पत्र मी पोस्टात टाकतेय. ह्यांना सांगितलेलं नाही.

काल डॉक्टर येऊन गेले. चिमणीच्या घशात पांढरा पडदा धरलाय. आजाराचं नाव सांगितलं त्यांनी, ते लिहायला माझा हात धजत नाही. सुई दिलीय. तिला मागच्या खोलीत ठेवलंय. वर कळवावं लागेल म्हणाले, तेव्हा ह्यांनी त्यांचे पाय धरले, दोन दिवस थांबा म्हणून. ताई, बाहेर कळलं तर आमच्या घरचं दूध कोण घेईल? सगळे रतीब तुटतील.

पुस्तक वाचनालयात देऊ नकोस. जाळून टाक, हरवलं म्हणून सांग. आणि कोणाजवळ बोलू नकोस, तुला माझी शपथ.

धाकटी

गुरुवार

चि. सौ. धाकटीस अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. पुस्तक सोमवारीच आलं होतं. त्याचे दुमडलेले कोपरे मी वर फडकं टाकून इस्त्रीने सरळ केले. चष्मेवालीला नावं ठेवायला जागा नको म्हणून. मंगळवारी परत केलं. तिने विचारलं, घरात सगळे बरे ना. मी म्हटलं, बरे आहेत, किती वेळा तेच विचाराल. बटण माझ्या शेजारीच उभी होती. टेबलावरून पुस्तक सरळ तिच्या हातात गेलं. दारातच तिने बोट जिभेला लावून पान उलटलं आणि मी तिला नियम सांगून दरडावलंसुद्धा.

तुझी शपथ मी मोडली. पत्र वाचलं तशी दुकान उघडं टाकून वाचनालयात गेले आणि चष्मेवालीला सगळं सांगितलं. कोणाचं घर, कोणतं गाव, आणि दुधाचंही. मेहुणे रोज कितीतरी घरांत ते दूध ओततात, धाकटे, त्या घरांतही चिमण्या आहेत. चष्मेवाली ओरडली नाही. पांढऱ्या पडद्याचं ऐकलं आणि तिनेच नाव घेतलं, घटसर्प. दवाखान्यात निरोप धाडला आणि माझ्याबरोबर निघाली. इस्त्रीच्या आचेने रोगाचं विष मरतं का, असं मी वाटेत विचारलं. कोपऱ्यांवरचं मेलं असेल, म्हणाली.

शिंपिणीच्या दारात पोचलो. आत मशीन चालू होतं. मी उंबऱ्याबाहेरूनच हाक मारून विचारलं, बटण कुठे आहे. शिंपीण हसत बाहेर आली. म्हणाली, सकाळपासून नुसतं बदक झालंय घरात, ऐका. आणि आतून बटणने मला हाक मारली. त्या आवाजात.

शिंपीण हसत होती, धाकटे. तुम्ही हसलात तशीच.

पोरीला दवाखान्यात ठेवलंय. मी बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. उद्या दवाखान्याची माणसं हे पत्र घेऊनच तुमच्याकडे येतील, मेहुण्यांना दार अडवू देऊ नकोस. माझं तोंड पाहायचं नसेल तर नको पाहूस.

तुझ्या या पत्राच्या तळाशी रेघोट्या नव्हत्या. मी कागद उलटून पाहिला, मागेही नव्हत्या. चिमणीच्या हातात पेन्सिल दे. बदक नको, एक रेघ ओढली तरी पुरे. कागद पाठवू नकोस. ओढली, एवढाच निरोप डॉक्टरांकरवी दे.

तुझी ताई