नोकरी सोडण्याचं कारण

कडेगाव,
३ जून २०२५

इंद्रजितदादास,
स्वप्नालीचा नमस्कार. वि.वि. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

सांगलीच्या मुलाखतीत मेट्रन माया सिस्टरांनी बसल्याबसल्या विचारलं, आईची तब्येत आता कशी आहे. मला काही कळेना. मग त्यांनी तू पाठवलेला माझा बायोडाटा पुढं सरकवला. साताऱ्याची नोकरी सोडण्याचं कारण तू लिहिलंयस, आई अंथरुणाला खिळली. अरे, तुझी आत्या त्या दिवशी हळदीच्या लागणीला गेली होती.

मी खरं ते सांगितलं. तिथं एका पेशंटची डायलिसिसची नळी दुसऱ्याला लावायचे, मी लेखी तक्रार केली आणि त्यांनी मला घरी बसवलं. सांगलीवाले कळवतो म्हणाले. मी कडेगावला पोचायच्या आत तू सगळ्या पाहुण्यांत सांगून मोकळा, की पोरीनं हातची नोकरी घालवली.

यापुढं माझा कागद कुठंही पाठवू नकोस. आईनं आशीर्वाद सांगितलाय, तो कळवते. माझ्याकडून कळवण्यासारखं काही नाही.
स्वप्नाली

सांगली,
९ जून २०२५

स्वप्नालीस,
रिवाजाप्रमाणे आशीर्वाद. अंजनाआत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

आठ वर्षं दवाखान्यांना माणसं पुरवतोय. तक्रार करणारी नर्स कुणालाच नको असते, हे तुला कळत नसेल तर मी काय करू? साताऱ्याला मी चौकशी केली तवा लय भांडखोर बाई आहे म्हणाले. ते मी झाकलं, तू भर मुलाखतीत उघडं केलंस. आता इथल्या हॉस्पिटलनं कागद तपासून माझे सगळे बायोडाटे परत पाठवलेत. त्यात जतची प्रियंका आहे. बाप मेंढरं घेऊन फिरतो, घरात शिकलेली ही एकटी. येत्या सोमवारी हजर व्हायची होती. परवा ऑफिसात येऊन परत आलेला कागद घेऊन गेली. तुझा खरेपणा जरा तिला जाऊन सांग.

भेटीची घाई नाही.
इंद्रजित

कडेगाव,
२१ जून २०२५

इंद्रजितदादास,
नमस्कार.

प्रियंकाला जाऊन भेटले. तिचा अनुभव दोन वर्षांचा, तू चार लिहिलास. तिला त्याचा पत्ताच नव्हता.

गेल्या बुधवारी माया सिस्टरांचा फोन आला. वॉर्डातली जागा भरली, पण डायलिसिसला नजर ठेवणारं माणूस हवंय म्हणाल्या. तक्रारीची प्रत मागितली, ती पाठवली. एक तारखेपासून हजर होते आहे. प्रियंकाचंही बोलले. खरा कागद घेऊन येऊ दे म्हणाल्या. ती गेली, आणि दोन वर्षांवरच तिला घेतलं.

त्या दिवशी फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, तुमच्या भावाकडून पुढं माणसं घ्यावीत का. मी म्हटलं, खरं लिहिणार असेल तर घ्या. लिहील का, असं त्यांनी विचारलं. त्यालाच विचारून सांगते म्हटलं. एक तारखेला त्या परत विचारणार आहेत. तोवर काय ते कळव.

राग आहे तो आहे.
स्वप्नाली