दुपारी दोनचं भजन

होसूर

ती. दादास,

रिवाज म्हणून नमस्कार. माझी तब्येत चांगली आहे, कंपनीने खोलीही बरी दिली आहे. आईच्या गुडघ्याला रोज तेल लावतोस ना?

तू फोन मध्येच कापतोस, म्हणून लिहितोय. उत्सवाची पत्रिका माझ्या लेकीने, प्राजक्ताने पाठवली. संध्याकाळी सातला बबनरावांचं मंडळ, सलग अकराव्या वर्षी. लोकांना ते आवडतं, मान्य आहे. पण माझ्या बायकोने, साधनाने, सोसायटीतल्या बायकांना घेऊन उभं केलेलं नवं मंडळ दुपारी दोनला का? तेही एप्रिलमध्ये, पत्र्याच्या मांडवात?

बबनरावांच्या मंडळात पखवाज तूच वाजवतोस. त्या उन्हात डाव्या बाजूला लावलेली कणीक दोन अभंगांत वाळते आणि घुमारा जातो, हे तुला माहीत नाही असं मला सांगू नकोस. दोन वाजता पखवाजावर तुझी पुतणी बसणार आहे. चारचौघांत तिचं हसं व्हावं म्हणूनच उत्सवाच्या अध्यक्षसाहेबांनी, म्हणजे तूच, ही वेळ काढली.

तू सोळा वर्षांचा होतास, तेव्हा आप्पांनी स्वतःची सातची वेळ तुला दिली आणि ते खाली बसून टाळ वाजवत राहिले. मी शेजारीच होतो. त्यांचे डोळे भरले होते.

आप्पांनी पखवाज जाताना माझ्या हवाली केला होता, तुझ्या नाही. दरवर्षी उत्सवात तू तोच वाजवतोस; तो आता आमच्या घरी कपाटात आहे आणि चावी साधनाकडे आहे. सातला वाजवायचा असेल तर तिच्या दारात जाऊन माग. जाताना तिच्या मंडळाला संध्याकाळची वेळ देणारी नवी पत्रिका छापून ने.

धाकटा,
रोहिदास