नदीचा मधला भाग

सोमवार, ११ ऑक्टोबर १९५४

काय झालं ते आधी क्रमाने.

१. शनिवारी कर्न नदीवर चित्रपटाच्या शेवटाचं चित्रण झालं. मी तिथे नव्हते. इथे संकलनाच्या खोलीत होते.
२. आज सकाळी लॅबमधून फिल्म आली.
३. गुरं अलीकडच्या काठावर येतात. पहिली गाय पाण्यात पाय घालते. नायक लॅनियर टोपी मागे सारून पलीकडे बघतो. उत्तम.
४. गुरं पलीकडच्या काठावर चढतात. निथळत. लॅनियरही निथळत. उत्तम.
५. मध्ये काहीच नाही.
६. नदी ओलांडतानाचा एकही शॉट घेतलेला नाही. दिग्दर्शक, कॅमेरामन, सहायक, कुणाच्याही ते लक्षात आलेलं नाही.

सगळे डबे पुन्हा उघडून पाहिले. लॅबला फोन केला. "जेवढं आलं तेवढं धुऊन दिलं, बाई. आम्ही काय नदी पिऊन टाकली?"

मग दिग्दर्शक मिस्टर ग्रीरना फोन. म्हणाले, "गुरं पुलावरून नेली, आणि ओली दिसावीत म्हणून पंप लावला मी. पलीकडच्या काठावर. पंपाची आठवण राहिली, पोरी!"

हे कसं झालं ते मला कळतं. म्हणूनच जास्त अस्वस्थ आहे. ऑर्विल ग्रीर यांचे पस्तीसेक वेस्टर्न चित्रपट आहेत – घोडे, गुरं, पिस्तुलं. लेखन तेच, दिग्दर्शन तेच. पण आमच्या कंपनीत कथा आधी नसते. आधी फिल्मच्या गोदामातून जुन्या चित्रपटातला पाठलाग काढायचा – उधळलेली गुरं, उलटणारी घोडागाडी, जळतं गाव – आणि मग त्याच्या मागेपुढे कथा लिहायची. नवा नट, पण शर्ट जुन्या फिल्ममधला, घोडा त्याच रंगाचा. मोठ्या दृश्याची सुरुवात घ्यायची, शेवट घ्यायचा. मधला भाग गोदामातून येतो. वर्षानुवर्षं हेच. हातांना दुसरं काही माहीतच नाही.

फक्त या चित्रपटात गोदामातलं काही नव्हतं. पहिल्यांदाच. सगळं नवं, सगळं त्यांचं. आणि शेवटचंच – नव्या वर्षापासून कंपनी टेलिव्हिजनकडे वळते आहे.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

निर्माते प्रुइट यांच्या खोलीत बैठक. ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "अरे ऑर्व्ह, तुला नदीवर नेलं तरी तू बादली शोधतोस!"

मग हसू बंद. पुन्हा चित्रण होणार नाही. मिस्टर ग्रीर यांच्या पहिल्या चित्रपटात याच नदीवर, अशीच गुरं आहेत. पाचवं रीळ. शुक्रवारी निगेटिव्ह कापायचं आणि नव्यात जोडायचं.

"दुसरं काहीही घे," मिस्टर ग्रीर म्हणाले. "वादळ घे, आग लाव. ती नदी नको."

"का? तुझीच तर आहे! तिच्यावरच तर आजपर्यंत जेवतो आहेस."

मिस्टर ग्रीर टोपी उचलून निघून गेले. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुपारी गोदामात गेले. त्या पहिल्या चित्रपटाची सात रिळं. सहांतून इतक्या वेळा इतकं कापलेलं आहे की चिंध्याच उरल्यात. नक्कल काढली की चित्र भरड होतं, म्हणून आमच्याकडे मूळ निगेटिव्हच कापतात. पाचवं मात्र अख्खं आहे. एकदाही कात्री लागलेली नाही. या दृश्याची प्रिंट कंपनीत कुठेही नाही. म्हणजे शुक्रवारी मी कापलं, की त्या नदीतलं प्रुइटना हवं तेवढं उरेल आणि बाकीचं कचऱ्यात.

कापणारे हात माझे. मला सांगितलं तर मी कापते. आजवर कापत आलेय.

बुधवार, १३ ऑक्टोबर

लॅनियर उगाच डोकावून गेला. अंगात जुन्या फिल्मशी जुळणारा तोच चौकडीचा शर्ट. या चित्रपटात त्याची काहीच गरज नव्हती, पण मिस्टर ग्रीरनी पहिल्या दिवशी सवयीने तोच काढून दिला!

"दुसऱ्याच माणसाच्या पाठीसारखं दिसायचा पगार घेतो मी, व्हर्ना. यावेळी वाटलं होतं, माझी स्वतःची पाठ दिसेल." मग दारातूनच – "म्हाताऱ्याचं काय होणार?"

माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

मिस्टर ग्रीर सकाळी खोलीत आले. दाढी केलेली नव्हती. "लाव पाचवं," म्हणाले.

निगेटिव्ह यंत्रावर चालवायचं नसतं, ओरखडे पडतात. मी दिव्याच्या टेबलावर घेतलं आणि भिंगाखालून हातानेच हळूहळू सरकवलं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. मला तसं वाचता येतं. त्यांनाही.

कॅमेरा पाण्यात आहे. काठावर नाही, पुलावर नाही – पाण्यातच. गाईंच्या नाकपुड्यांच्या उंचीवर. आभाळ जवळजवळ दिसतच नाही. शिंगं, डोळे, फेस. एक वासरू प्रवाहाला लागतं. एक घोडेस्वार मागे वळतो, आणि त्याला ते मिळेल की नाही हे कळायच्या आत भिंगावर पाणी येतं आणि सगळं फुटून जातं. मग पुन्हा शिंगं. मी रोज फिल्म हाताळते. असं काही हाताळलेलं नाही.

"हे मी घेतलेलं नाही," ते म्हणाले.

मी सरकवायची थांबले.

"त्या दिवशी मी तंबूत पडून होतो. ताप वगैरे नाही. बाटली. गुरं तीन दिवसांच्या भाड्याने आणलेली, तो तिसरा दिवस. डेला होती आमच्याकडे, डेला मॅकॉर्ड – कुणाचा शर्ट ओला, कुणाची टोपी कुठल्या हातात, ते लिहून ठेवायची. तिने कॅमेरा तराफ्यावर बांधला आणि कॅमेरामनला म्हणाली, चल रे, चढ. तो म्हणाला, बुडेन. ती म्हणाली, मग फिल्म वर धरून बूड."

हसले. लगेच थांबले.

"पडद्यावर माझं नाव आलं. पेपरांनी त्या नदीबद्दलच लिहिलं. त्या नदीवर मला करार मिळाला. मी खोटं बोललो नाही, पोरी. कुणी विचारलंच नाही. पुढे लग्नही केलं तिच्याशी. तिनेही कधी विचारलं नाही. एकदा तरी भांडली असती! नुसती निघून गेली. आता बेकर्सफील्डला चाऱ्याचं दुकान आहे तिचं."

म्हणून गोदामातून सगळं घेतलं, नदी कधीच घेतली नाही. म्हणून हा चित्रपट. निवृत्तीआधी एकदा ती नदी स्वतः ओलांडून बघायची होती. आणि तिथे जाऊन पंप लावला.

मी रीळ पुन्हा गुंडाळून डब्यात ठेवलं. ते म्हणाले, "उद्या काप. माझं काही नाही त्यात." पण खुर्चीतून उठले मात्र नाहीत.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

जुनी फिल्म सुकून आखडते. किती आखडली ते तिच्या कडेची छिद्रं पट्टीवर मोजून कळतं. शंभराला एकाहून जास्त आखडली, तर छापताना यंत्रात फाटते. मग तिच्यावरून काहीच काढता येत नाही. पाचवं रीळ मोजलं. सुरुवातीला, मध्ये, शेवटी. शंभराला अर्धा. ठणठणीत.

प्रुइटना सांगितलं, दीड. निकामी.

माझा आवाज कसा आला ते आठवत नाही.

"मिस हॉल्वरसन, तुमचं माप कधी चुकतं?"

"नाही."

"लॅबकडून तपासून घेऊ?"

"घ्या. चित्रपटगृहाची तारीख चुकेल एवढंच."

त्यांनी मिस्टर ग्रीरना फोन लावला आणि ओरडले – एकच दिवस, एकच कॅमेरा, गुरं असतील तेवढी. "आणि ऑर्व्ह, यावेळी पाण्यात उतर!"

मी आयुष्यात पहिल्यांदा आकडा बदलला. लॅबने उद्या ते रीळ मागवलं तर नोकरी गेली. या गावात संकलनाच्या खोलीत बाईला दुसऱ्यांदा कुणी घेत नाही.

शनिवार, १६ ऑक्टोबर

चित्रणाला सोमवार, २५ तारीख मिळाली. खूश व्हायला हवं. दिवसभर खोली झाडत होते.

रविवार, १७ ऑक्टोबर

मिस्टर ग्रीरनी घरी बोलावलं. शहराबाहेर व्हॅलीतलं लहान घर. मागे संत्र्याची चार झाडं, एक म्हातारा घोडा. त्यांनी कॉफी केली, फार कडू. जेवणाच्या टेबलावर त्यांनी काढलेली चित्रं पसरली होती, नदीच्या मधल्या भागाची. एकेक शॉट पेन्सिलीने. रेघ अजून पक्की आहे त्यांची.

"सांग. कात्री तुझ्या हातात आहे. जुळेल?"

मी सगळी पाहिली. पुन्हा क्रमाने लावून पाहिली. हे वाक्य कसं बोलावं याचा विचार करत होते. मग जसं होतं तसंच बोलले.

"सगळी काठावरून आहेत."

"हे नाही. हे बघ, इथे कॅमेरा खाली आहे."

"खाली आहे. पण काठावर आहे. हे तुमच्या पहिल्या चित्रपटाच्या चौथ्या रिळातलं आहे, उतारावरची गुरं. आणि हे आगीच्या दृश्यातलं. फक्त खाली पाणी काढलंय."

रागावतील वाटलं. त्यांनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. बाहेर घोडा खूर आपटत होता.

"रात्रभर पाण्यात उतरतोय," म्हणाले. "दर वेळी काठावरच येऊन उभा राहतो. मला सुरुवात येते. शेवट येतो. मधलं येत नाही मला, पोरी."

'येईल' म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. या आठवड्यात माझं एक झालंय तेवढं पुरे.

ते म्हणाले, "तू का खोटं बोललीस प्रुइटशी? मला पाचव्या रिळाची तब्येत माहीत नाही असं वाटलं तुला?"

"ते कापायचं नव्हतं."

"माझ्यासाठी?"

"नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. त्यांना ते लागलं हे दिसलं, आणि मग त्यांनी मान हलवली.

घरी येताना बसमधून भलत्याच थांब्यावर उतरले. इतकं चालले की पाय दुखतात. आता एकच दिवस आहे, आणि तो वाया जाणार. मग मी कशासाठी –

सोमवार, १८ ऑक्टोबर

मिस्टर ग्रीर सकाळी तार कार्यालयाच्या दारात भेटले. टोपी हातात. "मी तार पाठवली तर डेला फाडेल. तुझ्या नावाने पाठव. पण मी सांगतो तसंच लिही." तसंच लिहिलं:

डेला मॅकॉर्ड, बेकर्सफील्ड. सोमवार २५ ऑक्टोबर, कर्न नदी, गुरांचं दृश्य. दिग्दर्शन तुम्ही करायचं. पडद्यावर नाव तुमचं. ग्रीर तराफा धरतील. येणार की नाही ते गुरुवार २१ पर्यंत कळवा. व्हर्ना हॉल्वरसन, संकलन.